आग लागते की लावली जाते? राग आणि प्रेमाच्या भाषेतला विस्तव

मराठीत राग पायापासून सुरू होतो. ‘तळपायाची आग मस्तकात गेली’ असं आपण सहज म्हणून जातो आणि एवढ्याशा वाक्यात रागाचा अख्खा प्रवास येतो: खालून वर, एका झटक्यात, वाटेत कुठे न थांबता. मग डोकं तापतं, कानशिलं गरम होतात, डोळ्यांत अंगार फुलतो, अंगाची लाही लाही होते आणि तोंडातून आगपाखड सुरू होते. मध्ये कुणी बोललं तर ते आगीत तेल. कुणीच बोललं नाही तर राग आतल्या आत धुमसत राहतो. एखाद्याचा हा कायमचाच स्वभाव असेल तर घरातले त्याला जमदग्नी म्हणतात.

भीतीचं मात्र उलट. घाबरलेल्या माणसाचे हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो, रक्त गोठतं. ‘भीतीने पेटला’ असं मराठीत कुणी म्हणत नाही.

प्रेमही आगीच्या जवळचं आहे, पण तिथली आग वेगळ्या जातीची आहे. राग आणि प्रेम या दोन टोकांच्या भावनांना भाषा एकच विस्तव का देते, त्या विस्तवाने काय उजळतं आणि काय झाकलं जातं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण आगीची भाषा फक्त कवितेत राहत नाही. आपण भांडतो कसे, माफ कसं करतो, गुन्ह्याची बातमी कशी लिहितो, इथपर्यंत ती पोचते.

रूपक म्हणजे नुसता अलंकार नव्हे

शाळेत आपण उपमेय, उपमान आणि मग रूपक शिकतो. तिथे रूपक ‘अलंकार’ या धड्यात असतं, त्यामुळे तो एक दागिना आहे, काढून ठेवला तरी अर्थ तसाच राहील, असं मनात बसतं. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० साली या समजुतीला धक्का दिला. त्यांचं म्हणणं असं की रूपक ही मुळात विचार करण्याची रीत आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, ते समजून घ्यायला माणूस दिसणाऱ्या आणि अंगाला जाणवणाऱ्या गोष्टीचा आधार घेतो. पुढे लेकॉफ यांनी हंगेरीचे अभ्यासक झोल्तान कोवेचेश यांच्यासोबत नेमका रागच अभ्यासाला घेतला.

यातला खरा महत्त्वाचा भाग असा की रूपक एकट्या शब्दाने येत नाही, सगळा गोतावळा घेऊन येतं. राग म्हणजे आग असं एकदा मनाने धरलं की आगीचा सगळा संसार रागाच्या कामाला लागतो. भांडणाचं किरकोळ कारण ही ठिणगी. मनात साठलेले जुने अपमान हे सरपण. कान भरणारा माणूस वारा घालतो. भडका उडतो, आजूबाजूच्यांना धग लागते, एका घरातून वणवा गावभर जातो. शेवटी राख उरते आणि राखेखाली निखारा असतो, म्हणून समेट झाल्यावरही जाणती माणसं सांगतात की अजून जरा जपून.

हे खरं की नाही ते तपासायला एक सोपी युक्ती आहे. ‘त्याच्या रागाला आता आणखी सरपण पुरवू नका’ हे वाक्य तुम्ही कदाचित पूर्वी कधीच ऐकलं नसेल. तरी ते समजायला क्षणही लागला नाही, कारण सगळी व्यवस्था डोक्यात आधीच तयार होती.

शरीर काय सांगतं

आगच का, पाणी किंवा दगड का नाही? पहिलं उत्तर शरीरात आहे. राग आला की ॲड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, चेहऱ्याकडे आणि हातांकडे रक्त धावतं. भीतीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं थंड पडतात. पॉल एकमन, रॉबर्ट लेव्हनसन आणि वॉलेस फ्रीसेन यांनी १९८३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही अभिनेत्यांना आणि शास्त्रज्ञांना वेगवेगळ्या भावनांचे चेहरे करायला आणि त्या भावनांचे प्रसंग आठवायला सांगितलं होतं. हृदयाचे ठोके राग आणि भीती दोन्हींत वाढले. फरक पडला तो बोटांच्या तापमानात: रागात ते भीतीपेक्षा स्पष्ट जास्त होतं. ‘डोकं तापलं’ आणि ‘हातपाय गार पडले’ या दोन वाक्प्रचारांनी जे केव्हाच नोंदवून ठेवलं होतं, ते उपकरणांनीही टिपलं.

२०१४ साली फिनलंडच्या लाउरी नुम्मेनमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ७०० जणांना मानवी आकृतीची कोरी चित्रं दिली आणि प्रत्येक भावना अंगात कुठे जागी होते, कुठे मंदावते, ते रंगवायला सांगितलं. रागात छाती, डोकं आणि हात रंगले. प्रेमात जवळपास सगळं अंगच रंगलं. यात फिनलंड, स्वीडन आणि तैवानचे लोक होते आणि त्यांची चित्रं एकमेकांशी बरीच जुळली.

पण सगळं शरीरावर सोडूनही चालत नाही. ज्या शरीरात मराठी माणूस आग पाहतो, त्याच शरीरात चिनी भाषा आगीसोबत वायूही पाहते: तिथे राग म्हणजे अंगातली ‘ची’ उसळणं. जपानीत राग पोटात उठतो. मराठी पोटात आग पडते ती भुकेने, आणि दुसऱ्याचं बरं बघून दुखतं तेही पोटात. म्हणजे कच्चा माल शरीर पुरवतं, पण त्यातून काय घडवायचं ते प्रत्येक भाषा आपापल्या पद्धतीने ठरवते.

मराठीने काय घडवलं ते मला तीन क्रियापदांत सगळ्यात स्वच्छ दिसतं: पेटणे, जळणे आणि पोळणे. रागावलेला माणूस पेटतो. मत्सर करणारा जळतो. त्याचा जळफळाट होतो. प्रेमात दुरावलेला पोळतो. पेटलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचते आणि त्याला जाळते. जळणारी आपली आपण संपत जाते, समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो. पोळलेला जखमी होतो, पण उरतो, आणि पुन्हा त्याच विस्तवाकडे बघत राहतो. आग एकच, पण तिच्यापुढे माणसाच्या तीन गती.

प्रेमाची आग दुराव्यात लागते

प्रेमाने भडकणं, प्रेमात जळून खाक होणं ही भाषा आज मराठीत सर्रास ऐकू येते, पण तिचा मोठा भाग हिंदी गाण्यांतून आला, आणि त्या गाण्यांत तो उर्दू-फारसी कवितेतून. शमा आणि परवाना तिकडचे. ज्योतीवर झेप घेऊन मरणारा पतंग तिथे प्रेमिकाचा आदर्श आहे. गालिबचा प्रसिद्ध शेर तर आगीची गाठच सांगतो: ‘इश्क़ पर ज़ोर नहीं है ये वो आतिश ग़ालिब, कि लगाए न लगे और बुझाए न बने’. लावू म्हटलं तर लागत नाही, विझवू म्हटलं तर विझत नाही.

जुनी मराठी जवळ असलेल्या प्रेमाला फारसं पेटवत नाही. जवळच्या प्रेमाला ती ऊब देते, नाहीतर सरळ पाणी देते: मायेचा ओलावा, काळजाला फुटलेला पाझर, डोळ्यांत दाटलेली माया. आग येते ती माणूस दूर गेल्यावर. ज्ञानेश्वरांची म्हणून ओळखली जाणारी ‘घनु वाजे घुणघुणा’ ही विराणी याचं सर्वांत सुंदर उदाहरण आहे. त्यातली विरहिणी म्हणते, ‘चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी’. आणि पुढे, ‘सुमनांची सेज सीतळ वो निकी, पोळे आगीसारिखी वेगीं विझवा कां’.

इथे जरा थांबून पाहू. चंदन थंड, फुलांची शेज थंड. जगातल्या साऱ्या शीतल गोष्टी हिला जाळतात. थंड वस्तूंनी विरही माणसाने पोळणं हा संस्कृत काव्यातला जुना संकेत आहे, पण इथली हाक ‘विझवा’ अशी आहे, आणि विझवणारा कोण, तर ज्याच्या नसण्याने आग लागली तोच कान्हा. रागाच्या आगीत ज्याच्यामुळे पेटलं तो समोर आला की भडका वाढतो. प्रेमाच्या आगीत तो समोर आला की आग थंड होते. दोन्ही आगींमधला याहून नेमका फरक मला कुठे सापडलेला नाही, आणि तो काही शतकांपूर्वी गाण्यात बांधून ठेवलेला आहे.

ऊब देणाऱ्या आगीची एक वेगळी वाट घरातून जाते. लग्नात अग्नीत लाह्यांची आहुती देतात, तो लाजाहोम. अग्निहोत्री परंपरेत लग्नातला हा अग्नी घरी आणून आयुष्यभर राखायचा आणि शेवटी चितेलाही तोच द्यायचा, असा नेम होता. आणि काडेपेटी सहज मिळत नव्हती त्या काळात प्रत्येक घरात रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवत. सकाळी कुणाचा विस्तव विझलेला असला तर शेजारून मागून आणत. म्हणूनच कट्टर वैर सांगायला मराठी म्हणते: ‘त्या दोघांत विस्तव जात नाही’. वैर म्हणजे आग, हे रूपक इथे पार उलटं होतं. एका घरातून दुसऱ्या घरात आग जाणं ही माणुसकी, आणि ती थांबणं हे वैर.

दोन्ही आगी एकाच चुलीतल्या?

आपल्या परंपरेने राग आणि प्रेम यांना नुसतं एका रूपकात बसवलेलं नाही, त्यांचं नातंही सांगितलं आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इच्छेतून क्रोध जन्मतो असं येतं. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की मनाविरुद्ध माणूस पाप का करतो, तेव्हा उत्तर मिळतं, ‘काम एष क्रोध एष’: हाच काम आणि हाच क्रोध, दोन्ही रजोगुणाची लेकरं. आणि लगेच पुढे काम म्हणजे कधीही न भरणारा अग्नी. महाभारतात ययातीला मुलाचं तारुण्य घेऊन वर्षानुवर्षं भोग भोगल्यावर हेच कळतं: उपभोगाने इच्छा शमत नाही, तूप ओतलेल्या आगीसारखी वाढतच जाते.

इथे ‘काम’ म्हणजे आपण ज्याला माया किंवा जिव्हाळा म्हणतो ते नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. मिळवण्याची ओढ असा त्याचा अर्थ घेतला तर वाक्य एकदम रोजच्या जगण्यातलं होतं. हवं ते मिळालं नाही की ओढ तिथल्या तिथे रागात बदलते. दुकानात खेळण्यासाठी हट्ट करणारं मूल पाहा, दोन मिनिटांत सगळा श्लोक दिसतो.

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त या दोन आगी समोरासमोर येतात. मदन शिवाचं ध्यान मोडतो आणि शिवाचा तिसरा डोळा उघडतो. राग आवरा, आवरा, असे देवांचे शब्द आकाशात फिरत असतानाच मदनाची राख झालेली असते. रागाचा वेग शब्दापेक्षा जास्त असतो, हे इतक्या कमी जागेत क्वचितच कुणी दाखवलं असेल. मदन त्यानंतर अनंग झाला, म्हणजे अंग नसलेला. अंग जळालं, पण तो संपला नाही.

वाफ की आग: कुठलं चित्र धरायचं

आता व्यवहाराचा भाग, आणि हाच मला सगळ्यात निकडीचा वाटतो. मराठीत रागाची दोन चित्रं शेजारी शेजारी नांदतात. एक आगीचं. दुसरं कोंडलेल्या वाफेचं: राग मनात कोंडून ठेवू नकोस, बाहेर काढ, नाहीतर एक दिवस स्फोट होईल. हे दुसरं चित्र मानसोपचाराच्या इतिहासातही पक्कं बसलं. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली कोंडलेल्या भावनेला वाट करून देण्याचा उपचार मांडला, आणि ‘राग काढून टाकला की माणूस मोकळा होतो’ ही समजूत तिथून पसरत गेली. उशीवर बुक्के मारा, वस्तू फोडा, जोरात ओरडा हे सल्ले याच घराण्यातले.

दोन्ही चित्रं पटतात, पण सल्ला उलट देतात. वाफ म्हणते, बाहेर सोड. आग म्हणते, हवा घालू नकोस.

ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली हेच तपासलं. सुमारे ६०० विद्यार्थ्यांना त्यांच्या निबंधावर बोचरी टीका करून चिडवलं. मग काहींनी टीका करणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारले, काहींनी व्यायाम म्हणून मारले, आणि काही नुसते शांत बसले. सगळ्यात जास्त चिडलेले राहिले ते टीकाकाराला आठवत ठोसे मारणारे. सगळ्यात कमी आक्रमक ठरले ते काहीही न करता बसलेले. २०२४ साली बुशमन आणि सोफी शेरविक यांनी १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही तेच निघालं: शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, शिथिलीकरण, योग अशांनी राग उतरतो. शरीर आणखी तापवणाऱ्या गोष्टींनी तो उतरत नाही. धावण्याने तर थोडा वाढलेला दिसला.

म्हणजे रागापुरतं तरी आगीचं चित्र वाफेच्या चित्रापेक्षा खरं ठरतं. आगीला तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि उष्णता. एक काढून घ्या, ती विझते. महाराष्ट्रातल्या वनखात्याची माणसं वणव्याच्या हंगामाआधी जंगलात जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा पट्टा आधीच साफ करून टाकतात, म्हणजे आग पोचली तरी तिला पुढे खायला काही मिळत नाही. रागातलं इंधन म्हणजे झालेला प्रसंग मनात पुन्हा पुन्हा घोळवणं. दुःख मैत्रिणीजवळ बोलून मन हलकं होतं ते वेगळं; पण ‘बघ ना, तो मला असं म्हणाला’ हे दहाव्यांदा सांगताना आपण मोकळे होत नसतो, फुंकणी मारत असतो.

मुक्ताबाईंना हे नेमकं ठाऊक होतं. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा धाकटी बहीण बाहेरून म्हणते, ‘विश्व रागें झाले वन्ही, संतीं सुखें व्हावें पाणी’. त्यात तुमचा राग चुकीचा आहे असा उपदेश नाही. जग पेटलंय हे ती मान्य करते. फक्त दुसरी आग होऊ नका, एवढंच मागते.

मग दाबून टाकायचा का राग? महाभारताच्या आदिपर्वात और्व ऋषींची गोष्ट आहे, ती या प्रश्नाला टाळत नाही. क्षत्रियांनी भृगुवंशाची कत्तल केली, गर्भातली मुलंही सोडली नाहीत. वाचलेला और्व जग जाळायला निघाला. पितरांनी अडवलं तेव्हा त्याने सांगितलं की हा राग मी आत ठेवला तर तो मलाच जाळील. पितरांनी त्याला खोटं पाडलं नाही. त्यांनी तो राग समुद्रात ठेवायला सांगितला, आणि तो तिथे घोड्याच्या तोंडाने पाणी पीत राहिला. तोच वडवानल. अन्याय खरा असेल तर राग विझत नाही, पण त्याला जग न जाळणारी जागा देता येते, असं मी या कथेतून घेतो.

आग झाकते ते काय

प्रत्येक रूपक काही दाखवतं तसं काही लपवतंही. आग लपवते तो हात.

आगीला मन नसतं, हेतू नसतो. ती लागते. ‘राग भडकला’, ‘संतापाचा स्फोट झाला’, ‘रागाच्या भरात हात उठला’ या वाक्यांत करणारा माणूस कुठेच नाही. हात आपोआप उठला, राग आपोआप भडकला. वर्तमानपत्रं ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ असं छापतात, तेव्हा एका मुलीने दिलेला नकार ही ठिणगी ठरते आणि हल्ला हा तिचा नैसर्गिक परिणाम. ‘काम एष क्रोध एष’ इथे अक्षरशः खरं असतं, पण बातमीतला ‘प्रेम’ हा शब्द त्या ओढीला एक मऊ रंग देतो आणि गुन्हेगाराला निम्मी सूट.

आपल्याकडे तर हे रूपकापुरतंही राहिलेलं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही ठरावीक बातमी होती. स्टोव्ह सुनांवरच एवढे कसे भडकतात, हा प्रश्न स्त्री संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. त्या लढ्यातून १९८३ साली भारतीय दंडविधानात विवाहितेच्या छळाविरुद्धचं ४९८अ कलम आलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ब. ‘भडका उडाला’ या वाक्यातला लपलेला माणूस शोधून काढण्याचं काम कायद्याला करावं लागलं.

भाषेजवळ मात्र उपाय आधीपासून आहे. मराठीत आग लागते आणि आग लावली जाते. पेटणे आहे तसं पेटवणे आहे, भडकणे आहे तसं भडकवणे आहे. बातमी लिहिताना, घरात भांडण मिटवताना, मुलाला समजावताना कुठलं क्रियापद घ्यायचं हे आपल्या हातात असतं. ‘त्याचा राग अनावर झाला’ याऐवजी ‘त्याने तिला मारलं’ असं लिहिता येतं. ते लिहावं.

रागाच्या बाजूनेही याच क्रियापदाचा एक लखलखीत दाखला आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. चवदार तळ्याचं पाणी घेतल्याबद्दल मार खाल्लेल्या माणसांचा राग त्यामागे होता, शतकांचं सरपण होतं. पण त्या दिवशी काही भडकलं नाही. परिषद भरली, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला, वेदी रचली गेली आणि मग आग लावली गेली. एका माणसाला, एका घराला तिची झळ लागली नाही. कुणी केलं, का केलं, कधी केलं, सगळं उघड. म्हणून आजही त्या दिवसाला मनुस्मृती दहन दिन म्हणतात, आणि ते दहन आम्ही केलं असं सांगताना कुणाला आवाज खाली करावा लागत नाही.